आग रामेश्वरी, पंप सोमेश्वरी

दुभाषी: ताई, नर्सबाई पुन्हा तेच विचारतायत. पंप रोज दोन वेळा वापरता म्हणता, मग हा जवळजवळ भरलेला कसा?

सून: वापरते हो. सकाळी घरातून निघायच्या आधी आणि दुपारी कामावर. एक दिवस चुकवलेला नाही.

दुभाषी: कामावर? म्हणजे मुलगी तुमच्याबरोबर कामावर येते?

सून: चार वर्षांची पोर लाँड्रीत कशाला येईल? ती घरी असते, आईंजवळ.

दुभाषी: मग कामावर पंप कोण घेतं?

सून: मी घेते.

दुभाषी: तुम्हालाही दमा आहे का?

सासू: अरे, हिला कुठला दमा? हिच्या जिभेला कधी दम लागत नाही, छातीला काय लागणार.

दुभाषी: माफ करा, या कोण बोलल्या? मला फोनवर नुसते आवाज येतात, खोलीत कोण कोण आहे ते दिसत नाही.

सून: माझ्या सासूबाई. त्यांच्या मांडीवर धाकटा आहे, चार महिन्यांचा. मोठी कोपऱ्यात ठोकळे लावतेय. तिच्यासाठीच आलोय. पहाटेपासून तिची छाती शीळ घालत होती. इथे वाफ दिली तेव्हा कुठे थांबली.

सासू: आणि ही नर्सबाई माझ्याकडे बघून हसतेय. का हसतेय?

दुभाषी: जिभेचं सांगितलं म्हणून. आजी, आमचा नियम आहे. खोलीत जे काही बोललं जाईल ते सगळं मला त्यांना सांगावं लागतं.

सासू: सगळं?

दुभाषी: सगळं.

सासू: झालं मग. आमच्या घरात सांगण्यासारखं थोडं आणि न सांगण्यासारखंच फार.

दुभाषी: हेही सांगितलं.

सून: भाऊ, मागच्या महिन्यात फोनवर तुम्हीच होतात ना? आवाज तोच वाटतोय.

दुभाषी: हो, मीच होतो.

सून: तुम्हीच म्हणालात, पंप सकाळ-संध्याकाळ घ्यायचा, त्रास होत नसला तरी सोडायचा नाही. आणि दुसरा पंप गरज वाटली तरच.

दुभाषी: बरोबर. पहिला म्हणजे... थांबा हं ताई. तुमच्याकडे पंप किती आहेत?

सून: दोन. एक नारिंगी, तोंडात धरून ओढायचा. दुसरा माझा.

दुभाषी: तुमचा म्हणजे?

सून: दूध काढायचा.

दुभाषी: अरे देवा.

सासू: हेपण सांगितलंस तिला?

दुभाषी: नाही आजी, हे माझं होतं.

सून: म्हणजे रोजचा पंप कोणता होता?

दुभाषी: मुलीचा. नारिंगी. रोज दोन वेळा, बरी असली तरी. आणि गरज वाटेल तेव्हाचा तो तुमचा, कामावर छाती जड झाली तर. आमच्या शब्दांच्या यादीत दोन्हींना पंपच म्हणतात. नर्सबाईंनी एकेक वस्तू हातात धरून दाखवली असेल, पण मला दिसतंय कुठे. मी आपला पंप, पंप म्हणत गेलो.

सून: आणि आम्ही पोरीला तो कधीतरी द्यायचो. फारच धाप लागली की. काल दिला तर काडीचा फरक पडला नाही. मी म्हटलं, औषधच बोगस दिसतंय.

दुभाषी: तो लगेच फरक पडायचा नाहीच. रोज घेऊन घेऊन आतली सूज उतरते.

सासू: म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

दुभाषी: काय म्हणालात?

सासू: म्हण आहे रे. आग एकीकडे लागलेली आणि पाणी भलतीकडे. पण ही बाई एकदम उठली का?

दुभाषी: मी 'आग लागली' इथपर्यंत सांगितलं आणि बंबाला काय म्हणतात ते शोधत होतो.

सून: ती दार उघडून बाहेर बघतेय. भाऊ, सांगा तिला, काही लागलेलं नाही.

दुभाषी: सांगितलं. बसल्या का?

सून: बसली. पाणी प्यायली.

दुभाषी: आता त्या बोलतायत. चूक तुमची नाही, आमची झाली. नारिंगी पंप आजपासून रोज. पण ताई, तुम्ही नोकरी करून दिवसातून दोनदा दूध काढत होतात, याचं मला फार कौतुक वाटतं.

सासू: तुला कशाला वाटायला हवं?

दुभाषी: मला नाही, नर्सबाईंना. आमचा दुसरा नियम असा, की समोरचा 'मी' म्हणाला की आम्हीही 'मी'च म्हणायचं. मी बोललो की त्या बोलल्या असं धरायचं.

सासू: बरं. बोल बाई मग.

दुभाषी: कामावर जागा देतात का तुम्हाला? मी हे नेहमी विचारते, कारण बऱ्याच जणी संडासात बसून काढतात.

सून: मी कोठीत काढते. हॉटेलची लाँड्री आहे, धुतलेले टॉवेल एका कोठीत रचून ठेवतात. त्या थप्पीमागे उभी राहते. आमची मुकादमीण बाहेर 'मोजदाद चालू आहे' अशी पाटी लावते. वरच्या साहेबाला वाटतं, आमच्याइतकी टॉवेलांची मोजदाद जगात कुणी करत नाही.

दुभाषी: त्या हसतायत. आणि दूध?

सून: बाटलीत भरून बर्फाच्या डब्यात. घरी आणून फ्रीजमध्ये. दुसऱ्या दिवशी बाळाला.

दुभाषी: छान. आता जरा मागचं विचारते. मोठ्या मुलीला स्तनपान किती काळ दिलंत?

सासू: कसलं पान?

दुभाषी: स्तनपान.

सून: आई, मोठीला अंगावर किती पाजलं ते विचारतायत.

दुभाषी: अंगावर म्हणजे? अंगावर सांडलं?

सासू: अरे, तुझ्या आईनं तुला काय छपरावर पाजलं होतं? आईचं ते अंगावरचं दूध आणि बाहेरचं ते वरचं. इतकं साधं आहे.

दुभाषी: आमच्या घरी हा विषय कधी निघाला नाही, आजी. मी इथेच वाढलो. मराठी आजीकडून शिकलो, आणि आजी माझ्याशी फक्त जेव, झोप आणि पाय पूस एवढंच बोलायची.

सासू: निदान पाय पुसून येत असशील.

सून: सहा आठवडे पाजलं. मग कामावर रुजू व्हावं लागलं. इथे राहण्याचा परवाना त्या नोकरीवर अवलंबून होता, आणि दूध काढून ठेवता येतं हे तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं. मग पावडरच्या दुधाचा डबा सुरू केला.

सासू: तिथेच सगळं बिनसलं. पोरीला आईचं दूध मिळालं असतं तर अशी वाजली नसती तिची छाती. हे मी नाही म्हणत, मागच्या वेळी तूच म्हणालास.

दुभाषी: मी नाही, नर्सबाई.

सासू: आत्ताच म्हणालास ना, तू आणि ती एकच.

सून: आई, डबा सुरू कर असं तेव्हा तिकडून फोनवर कोण म्हणालं होतं?

सासू: आता ते कशाला उकरून काढतेस?

सून: नाही, सगळं सांगायचंच आहे तर हेही जाऊ दे तिच्या कानावर. कोण म्हणालं होतं?

सासू: मी म्हणाले होते. मला काय ठाऊक? मला वाटलं, परका मुलूख, चारचौघांत पोराला छातीशी धरून बसलीस तर लोक म्हणतील कुठून आलंय हे ध्यान. देश तसा वेश. इथल्या बायका डबाच देत असतील असं धरून चालले मी.

सून: आणि आता बागेत काय बघता रोज?

सासू: बघते ना. इथल्या बायका बाकावर बसून खुशाल पाजतात, एका हातात पुस्तक. लाज नाही की घाई नाही. आपण त्यांच्यासारखं व्हायला डबा धरला आणि त्यांनी आपल्यासारखं व्हायला डबा सोडला. वाटेत एकमेकींना ओलांडून गेलो असू, पण ओळख पटली नाही. ते भिंतीवरचं चित्र बघ. बाळाला पाजणारी बाई आपल्याच रंगाची काढलीय. आपलंच आपल्याला शिकवतायत.

दुभाषी: चित्राचं सांगितलं. त्या म्हणतायत, हे खरं आहे, आम्हालाही त्याचं हसू येतं. आणखी एक सांगतायत. काही ठिकाणी असं दिसलंय, की बाहेरून आलेल्या कुटुंबांतल्या मुलांना आधी दमा कमी असतो. मग जितकी वर्षं राहतात तितका तो इथल्या मुलांच्या बरोबरीला येतो.

सून: म्हणजे आम्हाला इथलं करून घ्यायचा कागद अजून यायचाय, दमा मात्र वेळेवर आला.

दुभाषी: हे सांगू का?

सून: तुमचा नियम आहे ना?

दुभाषी: सांगितलं. त्या गप्प आहेत.

सून: मग नीट सांगितलंत.

दुभाषी: त्या म्हणतायत, बाळाकडे वळू. वजन चांगलं आहे, डोळे टकटकीत आहेत. काढलेलं दूध दिवसातून किती वेळा घेतो?

सून: हे आई सांगतील. मी सकाळी जाते ती अंधार पडल्यावर येते.

सासू: घेतो की. दूध काय कुणी टाकून देतं?

दुभाषी: किती वेळा, आजी?

सासू: भूक लागेल तेव्हा. भुकेला काय घड्याळ असतं?

दुभाषी: बरं. आणि त्या विचारतायत, तुमच्या पिशवीतून तो डबा डोकावतोय, तो कशाचा?

सासू: तिला काय करायच्यात माझ्या पिशव्या.

सून: बघू. आई, ही पावडर आहे.

सासू: आहे.

सून: उघडलेली. अर्ध्यावर आलीय.

सासू: उघडल्याशिवाय अर्ध्यावर कशी येईल?

सून: हा डबा आला कुठून?

सासू: तुझ्या नवऱ्यानं आणून दिला. त्याला म्हटलं, अडीअडचणीला असावा.

सून: तुम्ही धाकट्याला डबा देताय? मी घरात असताना तर कधी दिसला नाही.

सासू: तू असलीस की तू पाजतेस. डबा कशाला दिसेल?

दुभाषी: ताई, हे सगळं मी सांगतोय हं, माझा इलाज नाही.

सून: खुशाल सांगा. आई, मी रोज फ्रीजमध्ये ठेवते ते दूध कुठे जातं?

सासू: ओतून दिलेलं नाही. तुझ्या गळ्याची शपथ.

सून: माझा गळा राहू दे. कुठे जातं?

सासू: ठकीला देते.

(कोपऱ्यात ठोकळे कोसळतात.)

दुभाषी: ठकी म्हणजे?

सून: मोठी. ठोकळेवाली. चार वर्षांच्या पोरीला?

सासू: पेल्यात घालून देते, कोमट करून. त्या दिवशी हा फोनवरचा काय म्हणाला? आईचं दूध दम्याला चांगलं. आता दमा कुणाला आहे? ठकीला. धाकटा ठणठणीत, दगड दिला तरी पचवेल. मग औषध आजाऱ्याला द्यायचं की ज्याला काही झालेलं नाही त्याला? मी शिकलेली नसेन, पण इतकं कळतं मला.

दुभाषी: थांबा आजी, हे नीट सांगू दे मला. हं. त्या म्हणतायत, मी असं म्हणाले होते, की तान्हेपणी अंगावर पाजलं तर पुढे दमा व्हायची शक्यता थोडी कमी होते. दमा व्हायच्या आधी. झाल्यावर ते औषध नाही.

सासू: आधी?

दुभाषी: आधी.

सासू: हे 'आधी' तू त्या दिवशी उच्चारलं नाहीस.

दुभाषी: उच्चारलं असेल, आजी. मला खात्रीनं सांगता येणार नाही.

सून: मी त्या टॉवेलांच्या मागे उभी राहते ना, तेव्हा दूध लवकर उतरत नाही. बाहेर यंत्रं धडधडत असतात, कुणी दार ढकलेल अशी भीती असते. मी डोळे मिटून याचा चेहरा आठवते, मग कुठे धार लागते. एकदा बाटली कलंडली तर मी चादरीत तोंड खुपसून रडले. एकीचं मी केलं ते याच्या वाट्याला येऊ नये, म्हणून एवढा आटापिटा. आणि तुम्ही त्याला डबा देताय. मला न विचारता.

सासू: विचारलं असतं तर दिलं असतंस?

सून: नाही.

सासू: म्हणून नाही विचारलं. बोल, काय बोलायचंय ते बोलून घे.

सून: मला तुमच्याशी नाही बोलायचं. भाऊ, तिला विचारा. आडवळणानं नको, सरळ विचारा. मी पाजलं नाही म्हणून ठकीला दमा झाला का? हो की नाही?

सासू: विचारच. आणि हेही विचार, की या नर्सबाईनं स्वतःच्या पोरांना किती पाजलं. सांगणारे पुष्कळ असतात.

दुभाषी: दोन्ही विचारलं. आधी दुसऱ्याचं उत्तर देतायत. मी माझ्या दोन्ही मुलांना अंगावर पाजलं. धाकट्याला तर दोन वर्षं.

सासू: ऐकलंस? बाप्या असून दोन वर्षं.

दुभाषी: आणि माझ्या धाकट्यालाच दमा आहे. त्याच्या दप्तरात असाच नारिंगी पंप असतो. मी दिवसभर इथे बायकांना सांगते, पाजा, आणि घरी जाऊन आधी त्याच्या पाठीला कान लावते.

सासू: हे तू म्हणतोयस की ती?

दुभाषी: त्या, आजी. त्याच म्हणतायत.

सासू: दोन वर्षं पाजून?

दुभाषी: दोन वर्षं पाजून. त्या म्हणतायत, म्हणून तुमच्या प्रश्नाला मी हो म्हणणार नाही. आईचं दूध चांगलंच, बाळाला ते द्याच, पण ते हमी देत नाही. घराण्यात दमा असतो, घरात कुणी विडी-सिगारेट ओढतं, भिंतींना ओल असते. एकट्या आईच्या माथी मारण्यासारखं हे नाही. तुमच्या घरात ओल आहे का?

सून: आहे. मागच्या खोलीची भिंत काळी पडलीय. बुरशीचा वास येतो.

सासू: मी कपाट सरकवून ठेवलंय तिच्यापुढे. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसू नये.

दुभाषी: त्या खोलीत कोण झोपतं?

सून: ठकी. कपाटाला लागूनच तिचं अंथरूण.

सासू: मीच घातलंय तिथे. कोपरा उबदार आहे म्हणून.

दुभाषी: त्या म्हणतायत, आज घरी गेल्यावर पहिलं काम ते. मुलीला दुसऱ्या खोलीत झोपवा. भिंतीसाठी घरमालकाशी मी स्वतः बोलेन. ते माझं ऐकतात, भाडेकरूंचं ऐकत नाहीत.

सासू: म्हणजे मी आल्यापासून आम्ही दुधावरून भांडतोय आणि खरा चोर कपाटामागे. चोर सोडून संन्याशाला फाशी.

दुभाषी: आजी, ही म्हण मी सांगत नाही. मघाशी आगीत हात पोळलेत.

सून: आई.

सासू: बोल.

सून: ठकी पिते ते दूध? तोंड वाकडं नाही करत?

सासू: पेला चाटूनपुसून लख्ख करते. परवा विचारत होती, आजी, हे कुठल्या गाईचं? म्हटलं, ही गाय सकाळी कामाला जाते.

सून: मला कधी बोलली नाही.

सासू: मीच सांगितलं होतं, बोलू नको. पोटात ठेवलं पोरीनं. तुझ्यावर गेली नाही त्या बाबतीत.

सून: सहा आठवड्यांची होती हो. पहिल्या दिवशी कामावर निघाले तर तोंड सोडेना. करंगळी घालून सोडवलं. मग लाँड्रीत दुपारी पुढचं सगळं भिजलं आणि मुकादमीण म्हणाली, जा, कपडे बदल. मी संडासात जाऊन पिळून टाकलं. बेसिनमध्ये. तिचं दूध.

सासू: ठाऊक आहे. त्या रात्री तू फोनवर रडत होतीस आणि मी तुला डबा कालवायची रीत सांगत होते. मला वाटत होतं मी मोठी शहाणी.

दुभाषी: नर्सबाई विचारतायत, सगळं ठीक आहे ना?

सून: ठीक आहे म्हणावं.

दुभाषी: त्या म्हणतायत, यावेळी मला गोंधळ नको. दोन्ही पंप त्यांनी टेबलावर ठेवलेत म्हणे. आजी, तुम्ही सांगा, कुठला कोणाचा.

सासू: माझी परीक्षा घेतेय होय? नारिंगी ठकीचा. सकाळ-संध्याकाळ, छाती वाजो न वाजो. घेतल्यावर चूळ भरायची, हे पंपाच्या खोक्यावरच्या चित्रावरून मला कळलंय. दुसरा हिचा. दूध धाकट्याचं. डबा अगदीच अडलं तर. अंथरूण हलवायचं, कपाट बाजूला करायचं. राहिलं काही?

दुभाषी: त्या टाळ्या वाजवतायत.

सासू: येतंय ऐकू. मीपण इथेच आहे.

सून: आणि धाकट्याचं पोट भरून बाटलीत तळाला घोटभर उरलं तर?

सासू: उरतंच. हा आळशी आहे, शेवटचा घोट नेहमी टाकतो.

सून: तो माझ्यासाठी ठेवा. मी आले की ठकीला मी देईन. औषध म्हणून नको. असंच.

सासू: असंच दे. पेला मी काढून ठेवीन.

दुभाषी: ताई, हे सांगायचं का त्यांना?

सून: नियम तुमचा आहे. तुम्ही ठरवा.

सासू: ती बघतेय फोनकडे. विचारतेय वाटतं काहीतरी.

दुभाषी: हो. विचारतायत, शेवटी दोघी काय बोलल्या.

सून: मग? काय सांगितलंत?

दुभाषी: सांगितलं, आवाज नीट आला नाही.